मुंबईच्या उकाड्यात घरचा पिझ्झा: आधी पिठाचं तापमान, मग रेसिपी

मुलुंडहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्धा किलो मैदा, कोमट पाणी, दोन छोटे चमचे यीस्ट, थोडी साखर, मीठ, तेल. पीठ मळून दोन तास उबदार जागी झाकून ठेवलं. ते भसाभसा फुगलं, पण हाताला चिकटायला लागलं आणि त्याला आंबूस, दारूसारखा वास आला. ओव्हनमधून बेस पांढराफटक निघतो, आणि रंग येईपर्यंत आत ठेवला तर कडक होतो. वरचा सॉस ताज्या टोमॅटोचा, पण आंबट आणि पाणचट, त्यामुळे मधला भाग लिबलिबीत राहतो. शेवटी विचारलं आहे: इटलीचा ‘००’ मैदा मागवला तर हे सुटेल का?

नाही सुटणार. ते पैसे सध्या खर्च करू नका. मी पार्ल्यात बरीच वर्षं छोटं पिझ्झा किचन चालवते आणि सुट्टीच्या दिवशी घरगुती पिझ्झाचे वर्गही घेते. वर्गात येणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा याच असतात, आणि त्यांतल्या मैद्यामुळे होणाऱ्या फार थोड्या.

तुम्ही चार तक्रारी सांगितल्यात, पण पहिल्या तिन्हींचं मूळ एकच आहे: उष्णता. तुमच्या हाती आलेली रेसिपी वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे. तिथे ‘कोमट पाणी’ आणि ‘उबदार जागा’ शोधावी लागते. एप्रिल-मे महिन्यात आपल्या ओट्याजवळ बत्तीस-तेहेतीस अंश सहज असतात. यीस्ट हा जिवंत जीव आहे. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की त्याचं काम साधारण दुप्पट वेगाने चालतं. इडलीचं पीठ थंडीत रात्रभर ठेवलं तरी कमी पडतं आणि मे महिन्यात पहाटेच पातेल्याबाहेर येतं, हे आपण दरवर्षी बघतो. पिझ्झाच्या पिठाचं गणित तेच आहे, फक्त इथे यीस्ट आपण स्वतः घालतो, म्हणजे त्याचं प्रमाण आपल्या हातात असतं.

दोन छोटे चमचे म्हणजे साधारण सहा ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. अर्ध्या किलो मैद्याला, कोमट पाण्यात, मुंबईच्या हवेत, एवढं यीस्ट घातलं तर पीठ तासाभराच्या आतच तयार होतं. तुम्ही मात्र ते दोन तास ठेवलंत. उरलेल्या वेळात यीस्ट पिठातली साखर खात राहिलं, अल्कोहोल आणि आम्ल वाढत गेलं, म्हणून तो वास आला. पिठाला ताण देणारं ग्लुटेनचं जाळं ढिलं पडलं, म्हणून पीठ चिकट झालं. आणि भाजताना कडांना तांबूस रंग ज्या साखरेमुळे येतो तीच संपून गेली, म्हणून बेस पांढरा राहिला. रंगाची वाट बघत तुम्ही तो आणखी दहा मिनिटं आत ठेवलात, तेवढ्यात त्यातलं पाणी उडालं आणि तो कडक झाला. चौथी तक्रार, म्हणजे सॉसची, वेगळी आहे. ती टोमॅटोतल्या पाण्याची आहे, तिच्याकडे पुढे येते.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमचा मैदा कोणता, ओव्हन केवढा, त्याची खालची कॉइल किती तापते, तुमच्या फ्रिजचं दार दिवसात किती वेळा उघडतं, यावर सगळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. म्हणून प्रमाणाबरोबर कारणही सांगते. कारण कळलं की बदल तुम्हाला स्वतःच करता येतो.

मैद्याचं आधी सांगून टाकते. ‘००’ हा आकडा इटलीत मैदा किती शुद्ध, किती पांढरा केला आहे ते सांगतो, त्याची ताकद सांगत नाही. ताकद पाहायची असेल तर आपल्या साध्या मैद्याच्या पाकिटाच्या मागे शंभर ग्रॅममध्ये किती प्रथिनं आहेत ते वाचा. साडेदहा-अकरा ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतील तर तो मैदा पिझ्झाला उत्तम. नऊच्या आसपास असतील तर तो केकसाठी ठेवा. गव्हाची कणीक घालायची असेल तर चौथा हिस्सा घाला, त्याहून जास्त नको. कणकेतही प्रथिनं भरपूर असतात, पण कोंड्याचे बारीक कण ग्लुटेनच्या जाळ्याला कापत जातात आणि बेस जड होतो. कणीक पाणीही जास्त पिते, तेव्हा दोन-तीन मोठे चमचे पाणी वाढवा.

आता प्रमाण. वजनकाटा घ्या. वाटी दाबून भरली की मोकळी यावर मैद्यात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने पीठ घट्ट किंवा सैल होतं. ५०० ग्रॅम मैदा, ३०५ ग्रॅम पाणी, ११ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम तेल, ५ ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. हो, एकच ग्रॅम, म्हणजे पाव टीस्पूनपेक्षा जरासं जास्त. हे प्रमाण फ्रिजमध्ये रात्रभर मुरवायच्या पिठाचं आहे. यात साधारण दोनशे-दोनशे ग्रॅमचे चार गोळे होतात आणि एका गोळ्याचा नऊ-दहा इंचांचा पिझ्झा होतो.

तेल आणि साखर का, असा प्रश्न इटालियन पद्धत वाचलेले लोक हमखास विचारतात. नेपल्समध्ये १९८४ साली पिझ्झावाल्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या नियमांत पिठात फक्त मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट बसतं. पण तिथली भट्टी ४३० ते ४८० अंशांची असते आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. एवढ्या आचेत रंग आपोआप येतो आणि पीठ सुकायला वेळच मिळत नाही. आपला ओव्हन २५० अंशांवर थांबतो, पिझ्झा आत सात-आठ मिनिटं राहतो. तेवढ्या वेळात तेल बेसला मऊ ठेवतं आणि साखर रंगाला मदत करते. आपल्या आचेसाठी हे योग्यच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचं तापमान. मळून झाल्यावर पीठ पंचवीस अंशांच्या आसपास असावं. हे साधायचं गणित सोपं आहे: पंचवीसची तिप्पट, म्हणजे पंचाहत्तर. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हाताने मळताना वाढणारे दोन-तीन अंश वजा करा. खोली एकतीस, मैदा एकतीस, मळण्याचे तीन; उरले दहा. म्हणजे पाणी दहा अंशांचं हवं, फ्रिजमधल्या बाटलीतलं, त्यात नळाचं अगदी थोडं. मे महिन्यात इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला चांगलंच गरम येतं. ते वापरलं तर पीठ मळून होईपर्यंतच आंबायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मळत असाल तर माठातलं पाणी पुरतं. कोमट पाण्याची सूचना जुन्या दाणेदार ड्राय यीस्टसाठी असते, ते आधी विरघळवून जागं करावं लागतं. इन्स्टंट यीस्टला त्याची गरज नाही. ते कोरडंच मैद्यात मिसळा, थेट गार पाण्यात टाकू नका, गारठ्याने त्याची ताकद कमी होते. बेकरीतलं ताजं यीस्ट मिळत असेल तर एक ग्रॅमऐवजी तीन ग्रॅम घ्या.

परातीत मैदा, यीस्ट, साखर एकत्र करा, पाणी घाला आणि कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत नुसतं गोळा करा. झाकून वीस मिनिटं सोडून द्या. या वीस मिनिटांत मैदा पाणी पितो आणि ग्लुटेन आपलं आपण जुळायला लागतं, तुमचे निम्मे कष्ट वाचतात. मग मीठ आणि तेल घालून आठ-दहा मिनिटं तिंबा. सुरुवातीला चिकटेल. वर कोरडा मैदा भुरभुरवायचा मोह होतो, तो टाळा. पाच मिनिटांनी पीठ स्वतःहून परात सोडतं. लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. न फाटता पातळ पडदा झाला आणि त्यातून उजेड दिसला की मळणं झालं. पावसाळ्यात मैदाच दमट असतो, त्या दिवसांत पंधरा-वीस ग्रॅम पाणी मागे ठेवा आणि लागलं तरच घाला.

मळलेलं पीठ अर्धा तास बाहेर, मग चार गोळे करून तेलाचा हात लावलेल्या झाकणाच्या डब्यांत, आणि डबे फ्रिजच्या तळाशी मागच्या बाजूला. तिथे गारवा टिकून राहतो. चोवीस तासांत पीठ तयार, अठ्ठेचाळीस तासांत आणखी चवदार. गारव्यात यीस्ट संथ चालतं, पण मैद्यातली एंझाइम्स स्टार्चपासून साखर काढत राहतात. त्यामुळे पीठ मुरतंही आणि रंगासाठी साखरही शिल्लक राहते. मुंबईत फ्रिजमध्ये मुरवण्यावर माझा एवढा भर त्यासाठीच आहे. बाहेरचं तापमान आपल्या हातात नसतं, फ्रिजमधलं असतं.

त्याच दिवशी हवा असेल तर यीस्ट दीड ग्रॅम करा, पाणी गारच ठेवा, दोन तास एकत्र आणि मग गोळे करून दीड तास. हे घड्याळावर सोडू नका. पिठावर बोट हलकेच दाबा. खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर तयार, लगेच उसळून भरला तर थांबा, भरलाच नाही तर वेळ उलटून गेली आहे. अशा उलटलेल्या पिठाचा पिझ्झा करू नका. ते थापून तव्यावर लसूण-तिखट लावून खरपूस भाजा.

फ्रिजमधला गोळा उन्हाळ्यात पाऊण तास आणि थंडीत दीड तास आधी बाहेर काढा. गार गोळा ताणताना मागे मागे येतो. आणि पोळपाट-लाटणं बाजूला ठेवा. लाटण्याने कडांमधली सगळी हवा निघून जाते आणि बेस वातड होतो. रव्यावर गोळा ठेवून बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जा, कडेची बोटभर जागा न दाबता सोडा. भाकरी थापणाऱ्या हातांना हे पहिल्याच दिवशी जमतं.

इथवरचं थोडक्यात: यीस्ट खूप कमी, पाणी गार, मुरवणं फ्रिजमध्ये, आणि तयारीची खूण बोटाने पाहायची. आता सॉस.

नेपल्सच्या पद्धतीत सॉस शिजवतच नाहीत. डब्यातले सोललेले टोमॅटो हाताने कुस्करतात, मीठ घालतात, संपलं. ते टोमॅटो गराळ, कमी बियांचे, आणि डबाबंद करतानाच उष्णता लागलेले असतात. ही पद्धत वाचून आपण बाजारातले ताजे टोमॅटो मिक्सरला फिरवून बेसवर ओततो आणि तिथेच फसतं. टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी असतं. सात-आठ मिनिटांच्या भाजण्यात ते उडत नाही, ते बेसमध्ये उतरतं. म्हणून माझा नियम साधा आहे: डब्यातले इटालियन टोमॅटो वापरणार असाल तर कच्चाच सॉस करा, मंडईतले वापरणार असाल तर आटवा.

मंडईत लांबट, जाड सालीचे, हाताला घट्ट लागणारे टोमॅटो निवडा. गोल, पातळ सालीचे गावठी टोमॅटो सार आणि रश्शाला सुंदर, पण त्यांत आंबट रस फार. आणलेले टोमॅटो लगेच वापरू नका. दोन-तीन दिवस टोपलीत, फ्रिजबाहेर, गडद लाल होईपर्यंत ठेवा. तुमच्या सॉसचा आंबटपणा बराचसा इथेच कमी होईल. अर्धवट पिकलेल्या टोमॅटोची आंबट चव साखरेने झाकता येते, पण पिकलेपणाची गोडी त्यात येत नाही.

एक किलो टोमॅटो आडवे अर्धे कापा आणि कापलेली बाजू किसणीवर किसा. गर खाली पडतो, साल हातात राहते. उकळत्या पाण्याची, सोलण्याची भानगड नाही. मिक्सर मी मुद्दाम टाळते. वेगात फिरताना बिया चिरडून कडवट चव येते आणि हवा मिसळून लाल रंग नारिंगी-गुलाबी होतो. किसलेल्या गराला पाव चमचा मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. खाली जमलेलं पाणी फेकू नका. बियांभोवतीच्या त्या रसातच टोमॅटोची खरी चव असते. ते छोट्या पातेल्यात वेगळं उकळून दोन-तीन चमचे उरेपर्यंत आटवा आणि शेवटी सॉसमध्ये परत घाला. या एका गोष्टीने सॉसला जो दाटपणा आणि चव येते ती टोमॅटो प्युरीच्या पाकिटाने येत नाही.

पसरट कढईत दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, त्यात चार-पाच लसूण पाकळ्यांचे पातळ काप, आच मंद. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, नुसता मऊ आणि सुवासिक. लाल लसणाचा कडूपणा अख्ख्या सॉसमध्ये उतरतो. लसूण मऊ झाला की चिमूटभर कुटलेली सुकी मिरची आणि सुका ओरेगॅनो तळहातावर चुरडून त्याच तेलात टाका, दहा सेकंदांत गर ओता. सुक्या हर्बचा वास तेलात उतरतो, तोच आपल्या फोडणीचा न्याय. झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं आटवा. कढईच्या तळाशी चमचा ओढल्यावर पडलेली वाट क्षणभर तशीच राहिली की झालं. एक किलोचा साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम सॉस होतो. मिठाची शेवटची चव आता घ्या, कारण आटताना खारटपणा वाढतो. तरीही आंबट वाटला तर अर्धा चमचा साखर. बेझिल मिळालं तर गॅस बंद करून पानं तोडून टाका. अंगणातली तुळस त्याच्या जागी चालत नाही, तिचा वास लवंगेकडे झुकतो.

कांदा घालू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कांद्याने तो सॉस भाजीच्या रश्श्याकडे जातो आणि चीजची चव दबते. जैन पिझ्झासाठी लसणाऐवजी तेलात किंचित हिंग घाला. माझ्याकडे घाटकोपर-मुलुंडकडच्या बऱ्याच ऑर्डर असतात आणि हिंगाचा सॉस लोक आवडीने मागून घेतात.

सॉस पूर्ण गार झाल्यावरच वापरा. दहा इंचांच्या बेसला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे, पुरतो. बेसचा पांढरा रंग सॉसमधून जरा दिसला पाहिजे. ताजं, पाण्यातलं मोझरेला असेल तर तुकडे करून चाळणीत तासभर निथळवा, नाहीतर सॉस आटवून वाचवलेलं सगळं पाणी चीजमधून परत येईल. ढोबळी मिरची, कांदा, मशरूम लावायचे असतील तर आधी मोठ्या आचेवर कोरडे परतून घ्या. उरलेला सॉस फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो, आणि छोट्या डब्यांत गोठवला तर दोन-तीन महिने. टोमॅटो स्वस्त झाले की मी एकदम जास्त करून ठेवते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोमागे शंभरी ओलांडून गेले होते, तेव्हा फ्रीझरमधल्या डब्यांचा फार आधार झाला.

भाजण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पांढऱ्या बेसचा थोडा संबंध त्याच्याशीही आहे. ओव्हनच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये उष्णता साठत नाही. बिनदांड्याचा बिडाचा तवा उलटा करून खालच्या रॅकवर ठेवा, दोन्ही कॉइल चालू करून २५० अंशांवर पूर्ण अर्धा तास तापवा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, तवा अजून तापायचा असतो. पिझ्झा रवा भुरभुरवलेल्या पुठ्ठ्यावर किंवा उलट्या ताटावर रचा आणि तव्यावर सरकवा. सात-आठ मिनिटांत कडा तांबूस होतात. तुमचा ओव्हन फारच लहान असेल तर बेस आधी गॅसवर, तापलेल्या बिडाच्या तव्यावर, खालून डाग पडेपर्यंत दोन मिनिटं भाजा, मग सॉस-चीज लावून वरच्या कॉइलखाली चार मिनिटं धरा. ओव्हन नसलेल्या घरात दुसऱ्या टप्प्याला जड झाकण आणि मंद आच वापरता येते. चीज छान वितळतं, वरून खरपूसपणा मात्र येत नाही.

आणि ते उघडलेलं यीस्टचं पाकीट. मुंबईच्या दमट हवेत ते क्लिप लावून कपाटात ठेवलं तर काही आठवड्यांतच मंदावतं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढं कोरड्या चमच्याने काढून बाटली लगेच परत आत टाका. जुन्या पाकिटाची शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट टाकून दहा मिनिटं बघा. फेस आला नाही तर नवं आणा. त्याची भरपाई म्हणून जास्त यीस्ट घालू नका. किती जिवंत आहे हे कळत नाही, आणि कमी-जास्त आंबण्याचा तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

या शनिवारी रात्री पीठ भिजवलंत तर रविवारी रात्रीच्या जेवणाला गोळे तयार असतील. सॉस रविवारी सकाळीच करून ठेवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो गार होईल आणि तुमच्याकडे फक्त थापायचं आणि भाजायचं काम उरेल.